सैतान थुंकायच्या आत

मागच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. लीड्सहून लिव्हरपूलकडे जाणाऱ्या कालव्याच्या काठाने एक पायवाट आहे. पूर्वी या वाटेवरून घोडे बोटी ओढत न्यायचे, आता आमच्यासारखे लोक रविवारी पोट कमी करायला चालतात. पाण्याच्या विरुद्ध बाजूला ब्लॅकबेरीची जाळी, नजर पोचेल तिथवर. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, डाव्या बाहीत काटा, उजव्या हाताची तीन बोटं जांभळी, अशा अवतारात मी टाचा उंचावून वरच्या घोसाला हात घातला होता, तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ आले. सोबत पांढरं-करडं, आखूड पायांचं कुत्रं. ते थांबले, डब्यात डोकावले, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सैतान थुंकलाय त्यांच्यावर, लव्ह." आणि कुत्र्याची दोरी ओढत चालते झाले.

'लव्ह'चं काही नाही. इथे बसचा ड्रायव्हरही लव्ह म्हणतो आणि भाजीवालीही. बारा वर्षांत ते कानाला बोचायचं थांबलंय. पण बाकीचं वाक्य? दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या कुंपणात हात घातलेल्या सावळ्या बाईला एक गोरा म्हातारा येऊन सैतान आणि थुंकी असे दोन शब्द ऐकवून जातो, तेव्हा ती काय समजणार? मी तेच समजले. डबा अर्धा भरला होता. तो भरावा की ओतून टाकावा हे कळेना. शेवटी अर्धाच घेऊन घरी आले आणि फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर वरच्या थरावर करड्या बुरशीची लव आली होती. म्हातारा म्हणाला तसं खरंच कुणीतरी थुंकून गेल्यासारखी.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऑफिसातल्या मैत्रिणी माझ्यापेक्षा जास्त चिडल्या असत्या, आणि मग त्यांची समजूत मलाच काढावी लागली असती. त्याऐवजी मी घाबरट माणसाने करावं तेच केलं, कायदा उघडला. १९६८च्या चोरीच्या कायद्यात चक्क ही सोय करून ठेवलीय: रानात आपसूक उगवलेली फळं, फुलं, पाला, अळंबी खुडली तर ती चोरी नाही, विकायला खुडली नसतील तोवर. वाचून हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचाच राग आला. महाडजवळच्या आजोळी करवंदीच्या जाळीत शिरताना कुठला कायदा विचारला होता मी?

डोक्यातून ते वाक्य मात्र गेलं नाही. एका शनिवारी शहरातल्या मोठ्या वाचनालयात गेले. तिथल्या संगणकावर जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह शब्द टाकून धुंडाळता येतो. छापील अंक इथून फार लांब नाहीत, बॉस्टन स्पा नावाच्या गावात आहेत. आग लागू नये म्हणून त्या इमारतीत प्राणवायू मुद्दाम कमी ठेवलाय आणि गठ्ठे यंत्रंच काढतात, यंत्रंच ठेवतात. माणसांनी रोज सकाळी श्वासाबरोबर आत घेतलेली वर्तमानपत्रं आता माणसाला धड श्वास घेता येऊ नये अशा हवेत राहतात, हे मला फार चमत्कारिक वाटतं. असो. मी 'सैतान' आणि 'ब्लॅकबेरी' हे दोन शब्द एकत्र टाकले आणि पडदा भरून गेला.

म्हाताऱ्याने मला काहीच म्हटलं नव्हतं. त्याने मला तिथी सांगितली होती.

२९ सप्टेंबरला मायकेलमस, सेंट मायकेलचा सण. त्या दिवशी मायकेलने सैतानाला स्वर्गातून खाली ढकललं आणि तो धप्पकन पडला तो नेमका ब्लॅकबेरीच्या काट्यांत. तेव्हापासून दरवर्षी त्याच दिवशी येऊन तो त्या झुडपावर सूड उगवतो. कुठे थुंकतो, कुठे पाय देतो, कुठे थुंकण्यापेक्षाही वाईट काहीतरी करतो, जे तेव्हाची वर्तमानपत्रं छापत नसत आणि आजी लोक हसून सांगत. म्हणून मायकेलमसनंतर ब्लॅकबेरी खाऊ नये. आयर्लंडात हेच काम पूका नावाचं भूत करतं. आता यात एक गंमत आहे. १७५२ साली इंग्लंडने पंचांग बदललं. २ सप्टेंबरच्या रात्री झोपलेली माणसं १४ सप्टेंबरला उठली. मग सैतानाने कुठली तारीख धरायची? काहींनी नवी धरली, काही जुन्यालाच चिकटून राहिले, त्यामुळे काही गावांत मुदत २९ सप्टेंबरची तर काही गावांत १० ऑक्टोबरची. दाते पंचांग की टिळक पंचांग, हा वाद ज्यांच्या घरात झालाय त्यांना हे समजावून सांगायला नको. जुन्या हिशोबाने मी अगदी मुदतीत होते.

आणि मला आजी आठवली. मृग लागला की ती करवंदांना हात लावू द्यायची नाही. "अळ्या पडतात," एवढंच कारण. आदल्या दिवसापर्यंत जी टोपली ओटीवर मध्यभागी असायची, ती एका सरीने बाद व्हायची. मुळात गोष्ट एकच आहे: पाऊस-ओल आली की फळ पाणचट होतं, बुरशी धरते, माश्या बसतात. आजीने अळी सांगितली, यॉर्कशरने सैतान सांगितला. आपल्याकडे उलटीही बंदी असते. 'बोर भाजी आवळा, कृष्णदेव सावळा' म्हणत तुळशीचं लग्न लागेपर्यंत आवळा-बोराला तोंड लावायचं नाही. म्हणजे आपला देव हंगामाचं दार उघडतो आणि इथला सैतान ते लावून घेतो. देवाच्या नावाने धीर धरायला शिकवणं सोपं असेल. हातातलं थांबवायला मात्र थुंकीच लागते. पोरं त्याशिवाय ऐकत नाहीत, मीही ऐकलं नसतं.

मला हवं ते मिळालं होतं, उठायला हरकत नव्हती. पण संध्याकाळपर्यंत तिथेच बसले, आणि पुढचे तीन-चार शनिवारही. कारण ब्लॅकबेरी हा शब्द जुन्या छापलेल्या कागदांत कुठे कुठे भेटतो हे बघण्याची चटकच लागली. सगळ्यात जास्त भेटतो तो फळ म्हणून नव्हेच, तर उपमा म्हणून. 'ब्लॅकबेरीइतके मुबलक', म्हणजे आपलं पैशाला पासरी. निवडणुकीतले उमेदवार ब्लॅकबेरीइतके, अफवा ब्लॅकबेरीइतक्या. हे शेक्सपिअरचं देणं. १५९८ साली छापलेल्या नाटकात त्याचा ढेरपोट्या, थापाड्या फॉल्स्टाफ पुरता कोंडीत सापडतो आणि वर तोऱ्यात म्हणतो, की कारणं ब्लॅकबेरीइतकी मुबलक असती तरी जबरदस्तीने मागणाऱ्याला मी एकही दिलं नसतं. त्या काळी 'कारण' आणि 'मनुका' या दोन इंग्रजी शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखा होता, म्हणून मनुकांशेजारी ब्लॅकबेरी. कोटीचा अर्धा भाग उच्चार बदलल्यावर वाहून गेला, उरलेला अर्धा वार्ताहरांनी तीनशे वर्षं घासून गुळगुळीत केला.

खुद्द फळ बातमीत येतं ते कुणाचं तरी वाईट झालं की. ब्लॅकबेरी तोडायला गेलेला मुलगा खाणीत पडला. ब्लॅकबेरी समजून बेलाडोनाची विषारी फळं खाल्ली. ब्लॅकबेरी तोडणाऱ्या बायकांना झुडपात प्रेत दिसलं. हे इतक्या वेळा की इंग्लंडमधली अर्धी प्रेतं ब्लॅकबेरीवाल्यांनीच शोधली असावीत अशी शंका यावी. शेतात घुसल्याबद्दल, कुंपण मोडल्याबद्दल दंड. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की या प्रत्येक बातमीच्या मागे एक न छापलेली दुपार आहे. खाणीत एक मुलगा पडला, पण त्या दुपारी सगळ्या परगण्यात हजारो मुलं न पडता, पोट भरून, जिभा जांभळ्या करून घरी आली असणार. त्यांची बातमी कोण छापणार? पैशाला पासरी असलेल्या सुखाला रकाना मिळत नाही.

त्यांचा माग लागतो तो वेगळ्याच ठिकाणी, शाळेच्या रोजनिशीत. १८६२ पासून इथल्या सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना रोजनिशी ठेवावी लागे, आणि अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि परीक्षेवर मोजून मिळे. सप्टेंबर उजाडला की खेड्यांतले मास्तर हताश होऊन लिहू लागत: आज हजेरी कमी, मुलं ब्लॅकबेरीला गेली. गैरहजर मूल म्हणजे शाळेच्या पैशाला भोक. शिवाय गरिबाघरचं पोर टोपलीभर फळ विकून जे चार पैसे आणी, ते त्या आईला पाढ्यांपेक्षा जास्त खरे वाटत असणार. मग येतं १९१८. महायुद्धाचं शेवटचं वर्ष, सैनिकांना पावावर लावायला जॅम हवा, आणि तेच सरकार शाळांना सांगतं की मुलांना सुट्टी द्या, शिक्षकांना सोबत पाठवा, ब्लॅकबेरी तोडून आणा. पन्नास वर्षं ज्या गोष्टीसाठी छडी बसली ती एका रात्रीत देशसेवा झाली. त्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाच्या साथीने शाळा तशाही बंद पडल्याच. पण त्याआधीचे ते काही आठवडे, मास्तरच पुढे, पोरं मागे, हातात किटल्या... मला ते दृश्य उगाच फार आवडतं. युद्ध विसरून आवडतं, याची थोडी लाजही वाटते.

या भागातले जुने लोक ब्लॅकबेरीला ब्लॅकबेरी म्हणतच नाहीत. यॉर्कशरमध्ये 'ब्लेग्ज', उत्तरेला आणखी वर गेलं की 'बम्बलकाइट', स्कॉटलंडात नुसतं 'ब्रॅम्बल'. आणि त्याच्या त्या लांब, कमानीसारख्या वाकलेल्या काटेरी फांद्यांना काही ठिकाणी म्हणतात 'वकील'. का? तर एकदा तावडीत सापडलात की रक्त काढल्याशिवाय सोडत नाहीत. (आमच्या घरात दोन वकील आहेत, ते हा लेख वाचणार आहेत, तरीही लिहिते.) हीच फांदी वाकून टोक जमिनीला टेकलं की तिथेही मुळं धरते. अशी दोन्हीकडून रुजलेली कमान सापडली तर डांग्या खोकला झालेल्या पोराला तिच्याखालून आरपार काढायचे. काट्यांच्या कमानीखालून खोकणारं पोर सरकवणारी ती आई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ती बातमीत नाही. तिच्या खेड्यातल्या अंधश्रद्धेवर नाक मुरडणारा मजकूर तेवढा आहे.

शनिवारी रात्री फोनवर हे सगळं घरी सांगायला गेले तर भाऊ म्हणाला, "ब्लॅकबेरी? तो बंद पडला ना?" त्याचं बरोबर होतं. कुठल्याही संग्रहात १९९९च्या पुढे आलात की शब्दाचा रंगच उडतो; फळ संपतं आणि फोन सुरू होतो. त्या फोनचं नावही फळावरूनच पडलं होतं, त्याची बारीक बटणं ब्लॅकबेरीच्या दाण्यांसारखी दिसतात म्हणून. पुढे ऑक्सफर्डच्या लहान मुलांच्या शब्दकोशाच्या २००७च्या आवृत्तीतून ब्लॅकबेरी हे फळ गळालं आणि 'ब्लॉग', 'ब्रॉडबँड' असे शब्द आत आले. २०१५ साली २८ लेखकांनी पत्र लिहून निषेध केला. ज्या 'ब्लॉग'वर मी आत्ता लिहितेय, ज्यावर तुम्ही हे वाचताय, त्याच शब्दाने ब्लॅकबेरीला खुर्चीवरून उठवलं, हे मान्य करायला हवं. पण ४ जानेवारी २०२२ला त्या फोनची सेवा कायमची थांबली, आणि कालव्याकाठची जाळी मात्र त्या सप्टेंबरातही लदलदली होती.

सगळीकडे तिच्यावर असं प्रेमही नाही. ऑस्ट्रेलियाची जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या वाचता येतात. तिथे हाच शब्द शिवीसारखा भेटतो. व्हिक्टोरियाचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरन फॉन म्यूलर रानातून हिंडताना ओढ्याकाठी ब्लॅकबेरीचं बी टाकत जायचा म्हणतात, पुढे येणाऱ्या वाटसरूच्या तोंडी काहीतरी पडावं म्हणून. वाटसरूंनी खाल्लं, पाखरांनी त्याहून जास्त खाल्लं आणि कुरणंच्या कुरणं काट्यांखाली गेली. शेवटी १९९१ साली सरकारला तिच्यावर तांबेरा रोगाची बुरशी मुद्दाम सोडावी लागली. एका माणसाचा दानधर्म पुढच्यांच्या खात्यावर कर्ज म्हणून चढतो तो असा. आपल्याकडची घाणेरी अशीच, शोभेला म्हणून आणलेली. तिची काळी, मिरीएवढी फळंही आम्ही खायचो, आणि मोठ्यांनी पाहिलं तर मार खायचो.

पण मला सांगायचं होतं ते करवंदांचं. इतके शनिवार मी दुसऱ्यांच्या पोरांच्या जांभळ्या जिभा शोधत बसले ते कशासाठी, हे मला उशिरा कळलं. मे महिन्यात आजोळी सकाळी कातकरी बाया डोंगरावरून उतरायच्या. डोक्यावर टोपली, वर पळसाची पानं. "डोंगराची काळी मैना" ही आरोळी मी शहरात, स्टेशनाबाहेर ऐकली. आमच्या गावात त्या आरोळी द्यायच्याच नाहीत, अंगणात येऊन टोपली उतरवायच्या आणि गप्प बसायच्या. मग आजी बाहेर यायची. "दोन वाटे दे गो," म्हणायची, आणि वाट्यावर आणखी एक मूठ हक्काने मागायची. "रानातलंच तर आहे, तुला काय विकत पडलं?" हे तिचं वाक्य मला अजून आवाजासकट ऐकू येतं. आजी वाईट नव्हती. पण ती बाई पहाटे अंधारात काट्यांत शिरली होती, तिच्या हातांवर चिकाचे काळे डाग आणि ओरखडे होते, आणि आम्ही पोरं तिच्याच समोर बसून करवंद दाताने फोडून बघत होतो: आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. ओठ चिकाने चिकटायचे. त्या बाईला तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. पैशाला पासरी ही म्हण मला इंग्लंडातल्या वाचनालयात बसून नव्याने कळावी, हे काही बरं नाही.

पुढे पळसाचे द्रोण गेले आणि त्या करवंदं वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून देऊ लागल्या. पिकलेल्या फळाचा रस आणि चीक कागदात मुरायचा, पुडी सोडवताना कागदाचे तुकडे करवंदांना चिकटून यायचे. मला तेव्हा नवीन नवीन वाचता यायला लागलं होतं, दिसेल ते वाचायचे मी. पुडी रिकामी झाली की ती अंगणात पसरून जांभळ्या डागांमधून उरलेल्या ओळी वाचायच्या. कुठल्यातरी मंत्र्याने कशाचं तरी उद्घाटन केलेलं असायचं, कशाचं ते डागाखाली. त्या कागदावर करवंदांची बातमी कधीच नव्हती. डाग मात्र होता, आणि मंत्री कोण ते विसरले तरी त्या डागाचा वास मला आजही ओळखू येईल, आंबट, थोडा शाईचा.

या वर्षी मी लवकर गेले. २८ सप्टेंबर, सैतानाच्या आदल्या दिवशी. डबा नेला नाही. दारात फुकट पडणारं स्थानिक साप्ताहिक होतं, त्याची पुडी वळली. हाताला अजून येते, बरं वाटलं. कमरेखालची फळं सोडून दिली, कारण इथे तो एक अलिखित नियम आहे: कुत्र्याच्या तंगडीच्या वरचंच तोडावं. अर्धी पुडी भरली असेल तेव्हा ते समोरून आले. तेच गृहस्थ, तेच आखूड पायांचं कुत्रं. त्यांनी मला ओळखलं नाही, ओळखायचं काही कारणही नव्हतं. वर्षभर मी त्यांच्याशी भांडत होते, नंतर त्यांची माफी मागत होते, याची त्यांना काय कल्पना.

"उद्यापासून नाही हं," ते पुडीकडे बघून म्हणाले.

मी म्हटलं, "जुन्या पंचांगाने अजून अकरा दिवस आहेत."

ते थांबले. मग मोठ्याने हसले आणि म्हणाले, की त्यांची आई हेच म्हणायची, तिला शेवटच्या ब्लेग्जचा जॅम करायचा असला की. मी पुडी पुढे केली. त्यांनी चष्मा वर सारून नीट निवडून एकच घेतली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले. पुडीच्या तळातून रस गळून माझ्या मनगटावर आला होता. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही, आणि त्या शांततेत कुत्र्याने सावकाश झुडपाशी जाऊन, सगळ्यात ठसठशीत घोस बघून, मागची तंगडी वर केली.

"एक दिवस आधीच आला," म्हातारबुवा म्हणाले.